मेथोट्रेक्सेट सोडून काम्पो घेऊ का, आणि वाळलेल्या मांड्या परत भरतील का?

ताई, तुमच्या पोस्टमध्ये दोन-तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, म्हणून आधी मला काय समजलं ते लिहिते. तुम्ही ५७ वर्षांच्या, योकोहामात राहता, पूर्ण शाकाहारी, वजन ४८ किलो. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस नऊ वर्षांपासून, त्यासाठी मेथोट्रेक्सेट ही सूज दाबणारी मुख्य गोळी आठवड्याला १० मिलीग्रॅम आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ५ मिलीग्रॅम. बोटं बऱ्यापैकी ताब्यात आहेत पण उजवा गुडघा कायम सुजलेला, मांड्या-पोटऱ्या वाळत चालल्यात, कमोडवरून उठताना हाताचा आधार लागतो. तिथल्या डॉक्टरांनी काम्पो म्हणजे जपानच्या पारंपरिक वनौषधींपैकी १०७ नंबरची पुडी, गोशाजिन्किगान, सुरू केली (काम्पोच्या औषधांना असे नंबर असतात). रात्री पायात पेटके येतात म्हणून तुम्ही स्वतःच ड्रगस्टोअरमधून ६८ नंबर आणून ती रोज दोनदा घेताय, शिवाय साताऱ्याच्या बहिणीने पाठवलेला ज्येष्ठमधाचा काढा सकाळी चालू आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की हल्ली बीपी वाढलंय, संध्याकाळी पावलं सुजतात. विचारलंय असं की काम्पो जपानमध्ये इन्शुरन्समध्ये बसतं म्हणजे सिद्ध झालेलंच असणार, तर मेथोट्रेक्सेट सोडून त्यावरच राहता येईल का, आणि मांड्या परत भरतील का.

मेथोट्रेक्सेट सोडू नका. मांड्या बऱ्याच अंशी भरू शकतात, पण ते काम पुडी एकटी करत नाही. याची कारणं पुढे लिहितेच, पण त्याआधी तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते वाक्य घेते, कारण अख्ख्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली.

मी कोण ते सांगते म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. मी संधिवाताची डॉक्टर, पुण्यात प्रॅक्टिस. शिकत असताना जपानमधल्या एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या काम्पो ओपीडीत बसायला मिळालं होतं, आणि आता जपानमध्ये स्थायिक झालेली मंडळी सुट्टीला घरी आली की पुड्यांची पाकिटं घेऊन माझ्याकडे येतात. काम्पोची स्पेशालिस्ट मी नाही, त्यामुळे कुठली पुडी घ्या हे मी इथून सांगणार नाही. कशावर लक्ष ठेवायचं ते मात्र सांगू शकते.

तर ६८ नंबर. शाकुयाकुकान्झोतो. यात दोनच गोष्टी असतात, पिओनीचं मूळ आणि कान्झो म्हणजे आपला ज्येष्ठमध. पेटक्यांवर ही पुडी खरंच पटकन काम करते, जपानी लोक डोंगर चढायला जाताना सुद्धा खिशात ठेवतात. पण ती अडीनडीला घ्यायची पुडी आहे, चहासारखी रोज दोन वेळा नाही. प्रिस्क्रिप्शनवर मिळणाऱ्या त्सुमुरा कंपनीच्या ६८ मध्ये दिवसाच्या तीन पुड्या मिळून ६ ग्रॅम ज्येष्ठमध होतो, बाकीच्या नेहमीच्या काम्पो औषधांत तो असलाच तर साधारण १ ते २ ग्रॅम असतो म्हणजे बघा. ड्रगस्टोअरच्या पाकिटात कधीकधी कमी असतो, मागच्या बाजूला किती ते छापलेलं असतं, वाचून घ्या. आणि त्यावर तुमचा सकाळचा काढा, ज्यात किती ग्रॅम जातो ते तुम्हालाही माहीत नाही आणि बहिणीलाही नाही.

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. आतड्यातले जंतू ते फोडतात आणि त्यातून जे तयार होतं ते किडनीतल्या एका एन्झाइमला अडवतं, त्या एन्झाइमचं काम असतं कॉर्टिसॉल या हार्मोनला तिथल्या तिथे निष्क्रिय करायचं. ते अडलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनसारखं वागायला लागतं, मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. मग बीपी वाढतं, पावलं सुजतात, स्नायूंमधली ताकद जाते आणि पायात पेटके येतात. आता तुमची पोस्ट परत वाचा. पेटके आले म्हणून पुडी, पुडीने पोटॅशियम कमी, पोटॅशियम कमी म्हणून परत पेटके, म्हणून परत पुडी. याला स्यूडोअल्डोस्टेरोनिझम म्हणतात आणि जपानमधल्या डॉक्टरांना तो चांगला माहीत असतो, औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की दिवसाला २.५ ग्रॅम किंवा जास्त ज्येष्ठमध असलेलं औषध पोटॅशियम कमी असलेल्यांना आणि मायोपॅथी म्हणजे स्नायूंचा आजार असलेल्यांना द्यायचं नाही. पण तुमच्या डॉक्टरांना फक्त १०७ माहीत आहे, आणि गंमत म्हणजे १०७ मध्ये ज्येष्ठमध अजिबात नाहीये! त्यांच्या कागदावर सगळं व्यवस्थित दिसतंय.

तुम्हाला हेच झालंय असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. बीपी वाढायला आणि पाय सुजायला स्टेरॉइड, किडनी, हृदय, बीपीची एखादी गोळी अशी बरीच कारणं असतात. पण तपासणी अगदी साधी आहे, रक्तातलं पोटॅशियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, स्नायू मोडताहेत का ते बघायला सीके, एक ईसीजी. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता याच आठवड्यात करून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत रोजची ६८ आणि काढा दोन्ही बंद ठेवा. प्रेडनिसोलोन मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका, त्याचा वेगळाच घोटाळा होतो. हात डोक्यापर्यंत उचलायला जड वाटायला लागले, छातीत धडधड झाली किंवा लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं. ज्येष्ठमध बंद केल्यावरही त्याचा परिणाम काही दिवस ते काही आठवडे रेंगाळू शकतो, तेव्हा चार दिवसांत फरक नाही पडला म्हणून मी सांगितलेलं चूक असं समजू नका.

आणि सर्दी झाली की जपानमध्ये सगळे घेतात ते काक्कोन्तो, नंबर १, त्यातही ज्येष्ठमध आहे आणि वर माओ म्हणजे एफेड्रा, जे बीपी वाढवतं. सध्या तेही नको.

आता मांड्या का वाळतात. आमवात हा फक्त सांध्यांचा आजार नाही. शरीरात टीएनएफ वगैरे जी सूज वाढवणारी द्रव्यं सतत फिरत असतात ती स्नायूंमधलं प्रोटीन मोडत राहतात, त्यामुळे वजन तेवढंच राहून स्नायूची जागा चरबी घेते आणि काट्यावर काही कळतच नाही. त्यात दुखतं म्हणून हालचाल कमी. त्यात स्टेरॉइड, जे मांडीचे आणि खांद्याचे मोठे स्नायू आधी धरतं, ५ मिलीग्रॅमला हा त्रास मोठ्या डोसइतका होत नाही पण वर्षानुवर्षं चालू असेल तर हिशोबात धरावंच लागतं. त्यात कमी जेवण, ड जीवनसत्त्व कमी. तुमच्या बाबतीत अजून एक ठळक गोष्ट आहे, तो सुजलेला उजवा गुडघा. सांध्यात पाणी भरलं की मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतूंचा इशाराच आपोआप दबतो, म्हणजे तुम्ही कितीही मनावर घेतलं तरी स्नायू पूर्ण जोराने आवळलाच जात नाही. जोपर्यंत ते पाणी आहे तोपर्यंत त्या पायाचे व्यायाम अर्धेच लागू पडणार. म्हणून ज्या पेशंटची एकच मांडी दुसरीपेक्षा जास्त बारीक दिसते तिचा मी आधी गुडघा बघते.

जुन्या वैद्यांनी हे बरोबर टिपलं होतं याचं मला नेहमी कौतुक वाटतं. चीनच्या सोंग काळातल्या औषधसंग्रहातून जपानमध्ये आलेलं दाइबोफुतो नावाचं एक औषध आहे, नंबर ९७. ते ज्या अवस्थेला देत तिचं वर्णनच असं की गुडघा फुगलेला आणि वर-खाली मांडी-पोटरी काडीसारखी, करकोचाच्या पायासारखी. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी रक्ततपासणी नव्हती, एमआरआय नव्हता, तरी सांध्याची सूज आणि स्नायूचं वाळणं हे एकाच दुखण्याचे भाग आहेत हे त्यांनी नुसतं पेशंटकडे बघून ओळखलं होतं. आजही जपानमध्ये हे औषध पायाच्या सांध्यांच्या आमवातासाठी छापील उपयोगात आहे, पंधरा वनस्पती, त्यात अशक्त माणसाला भरून काढणाऱ्याही आणि वेदनेवरच्याही. फक्त नीट निदान केलं म्हणजे औषधही तितकंच चालतं असा अर्थ होत नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

आता तुमचा इन्शुरन्सवाला मुद्दा. हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा असतो. काम्पोचे तयार अर्क जपानच्या सरकारी विम्यात १९६७ पासून यायला लागले आणि १९७६ मध्ये त्यांची संख्या एकदम वाढली, आज १४८ औषधं त्यात आहेत. पण ती आली मुख्यतः शेकडो वर्षांच्या वापराच्या आधारावर. आजच्या नव्या गोळीला जशा हजारो पेशंटवरच्या चाचण्या द्याव्या लागतात तशा या औषधांना प्रत्येक आजारासाठी वेगळ्या द्याव्या लागलेल्या नाहीत. म्हणजे विम्यात असणं याचा अर्थ कारखान्यातला माल शुद्ध आहे, डोस ठरलेला आहे, दुष्परिणामांची नोंद होते. आमवातात सांधा झिजण्यापासून ते वाचवतं असा त्याचा अर्थ नाही.

दुसरं एक लक्षात घ्या, आपल्याकडे एमबीबीएस वेगळे आणि बीएएमएस वेगळे, त्यामुळे पेशंट इकडचं तिकडे लपवतो. जपानमध्ये १८७४ च्या नियमांनी डॉक्टर व्हायला पाश्चात्य वैद्यकाची परीक्षा सक्तीची झाली, काम्पोवाल्यांना वेगळा परवाना द्यावा ही मागणी १८९५ मध्ये संसदेत फेटाळली गेली, आणि ती परंपरा जवळजवळ संपायला आली होती. नंतर ती परत उभी राहिली ती डॉक्टरांच्याच हातून. म्हणून तिथे मेथोट्रेक्सेट लिहिणारा आणि १०७ लिहिणारा माणूस एकच असू शकतो, आणि बहुतेक वेळा असतोच. तुमच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट बंद करून १०७ दिलेली नाही, चालू ठेवून त्यावर दिली आहे, हे तुम्ही नीट बघितलं नाहीत असं मला वाटतं. मी ओपीडीत जे बघितलं तेही हेच, सूज दाबायचं काम मेथोट्रेक्सेट आणि गरज पडली तर बायोलॉजिक, म्हणजे टीएनएफसारखी द्रव्यं अडवणारं, इंजेक्शन करणार, आणि त्यातून जे उरतं, गारठ्यात दुखणं, थकवा, भूक नसणं, पाय जड होणं, त्याच्यासाठी पुडी.

पुडी ठरते कशी ते सांगते, कारण नेटवर आमवात टाकलं की आठ-दहा नावं येतात आणि लोक त्यातलं एक उचलतात. काम्पोमध्ये आजाराच्या नावाला औषध नसतं, माणसाच्या अवस्थेला असतं. अठराव्या शतकात योशिमासु तोदो नावाचे वैद्य होऊन गेले, त्यांनी पोट दाबून तपासण्यावर फार भर दिला आणि तो जपानी पद्धतीचा खास भाग बनला. तुमच्या डॉक्टरांनी बेंबीखाली दाबून बघितलं असेल, तिथलं पोट मऊ, जोर नसलेलं लागलं की ते कंबरेखालच्या अशक्तपणाचं लक्षण धरतात आणि हाचिमिजिओगान किंवा गोशाजिन्किगानकडे वळतात. गुडघा गरम, लाल, टम्म आणि माणूस धट्टाकट्टा असेल तर एप्पिकाजुत्सुतो. गोरी, मऊ अंगाची, पटकन घाम येणारी, गुडघ्यात पाणी होणारी बाई असेल तर बोइओगितो. गारठ्याने किंवा त्सुयुच्या, म्हणजे जूनच्या पावसाळी दमट हवेने दुखणं वाढत असेल आणि शेकलं की बरं वाटत असेल तर केइशिकाजुत्सुबुतो. जेवण जात नसेल तर रिक्कुन्शितो, आजारपणाने खंगलेल्या माणसाला निन्जिन्योएइतो. एखाद्या मैत्रिणीला जे लागू पडलं ते तुम्हाला लागू पडेलच असं का नाही याचं उत्तर यातच आहे.

गोशाजिन्किगानबद्दल जरा जास्त लिहिते कारण ते तुमच्या हातात आहे. दहा वनस्पती. त्यातल्या काही आपल्याला ओळखीच्या निघतील, गोशित्सु म्हणजे आपल्या आघाड्याचा भाऊबंद, सान्याकु म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद, शाझेन्शी हे इसबगोलाच्या कुळातलं बी, दालचिनी तर आहेच. आणि बुशी, म्हणजे बचनागाच्या जातीचं मूळ. घाबरू नका, आपल्याकडे वत्सनाभ गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करतात तसं तिथे दाब आणि उष्णता देऊन त्यातलं ॲकोनिटिन हे विष मोडतात, पुडीतल्या बुशीचं प्रमाण तपासून ठरवलेलं असतं. तरी ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी झाली, मळमळ, धडधड, अंगातून वाफा निघाल्यासारखं वाटलं तर पुडी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं. पोट बिघडलं तर ते बहुतेक जिओ नावाच्या मुळामुळे, तेव्हा जेवणाआधी घेण्याऐवजी जेवणानंतर घेऊ का असं विचारा. तुम्ही शाकाहारी म्हणून विचारलंत, या दहामध्ये प्राणिज काही नाही. त्सुमुराच्या पुडीत भर म्हणून दुधातली साखर असते, दूध पचत नसेल तर तेवढं लक्षात ठेवा.

स्नायूंसाठी याला पुरावा आहे का? उंदरांमध्ये आहे. २०१५ मध्ये ओसाका युनिव्हर्सिटीच्या गटाने लवकर म्हातारे होणाऱ्या जातीच्या उंदरांना खाण्यातून गोशाजिन्किगान दिलं आणि त्यांचे स्नायू न दिलेल्या उंदरांपेक्षा कमी वाळले. प्रयोग चांगला आहे, पण उंदराला आमवात नव्हता आणि तो प्रेडनिसोलोनही घेत नव्हता. आणि याच औषधाची एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑक्झालिप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध दिलं की हातापायांना मुंग्या येतात, त्या गोशाजिन्किगानने टळतात असं लहान अभ्यासांतून फार छान दिसत होतं, मग जपानमध्येच प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या पुडीशी, तुलना करणारी मोठी चाचणी झाली आणि ती मधेच थांबवावी लागली कारण फायदा दिसेना, उलट पुडी घेणाऱ्यांतच त्रास जास्त दिसला. म्हणून लहान अभ्यास बघून मी उड्या मारत नाही. घेऊन बघायला हरकत नाही, तीन महिने घ्या, आधी आणि नंतर मोजा, फरक नसेल तर बंद करा, असं माझं धोरण.

आता मेथोट्रेक्सेट का सोडायचं नाही. तुमची बोटं नऊ वर्षांनीही सरळ आहेत ना, ते फुकट नाही झालेलं. सूज दबलेली असेल तरच सांध्याचं हाड टिकतं आणि तरच स्नायूंचं मोडणं थांबतं. काम्पोच्या औषधांनी दुखणं आणि ताठरपणा कमी झाल्याचे अभ्यास आहेत, पण हाडाची झीज थांबवण्याच्या बाबतीत मेथोट्रेक्सेटच्या जवळपास जाईल असा पुरावा त्यातल्या कशालाही नाही. आणि दुखणं कमी झालं की सूज गेली असं वाटतं, हाच यातला खरा धोका आहे, आत झीज चालूच राहते. माझं तर म्हणणं उलट आहे. गुडघ्यात अजून पाणी आहे याचा अर्थ उपचार कमी पडतोय. डॉक्टरांना विचारा की मेथोट्रेक्सेट वाढवता येईल का, जपानमध्ये २०११ पासून आठवड्याला १६ मिलीग्रॅमपर्यंत परवानगी आहे, किंवा गुडघ्यात इंजेक्शन देता येईल का, किंवा बायोलॉजिकची वेळ आली का. किडनी, लिव्हर, छातीचा फोटो बघून ते ठरवतील. सूज नीट दबली की मग स्टेरॉइड हळूहळू कमी करता येतं, आणि सोडायचंच असेल काही तर माझ्या मते आधी ते सोडायला हवं.

मेथोट्रेक्सेटबरोबर काम्पोची एक जोडी मात्र मला आवडत नाही, ओगोन नावाचं मूळ असलेली औषधं. ओगोनमुळे क्वचित फुफ्फुसाला सूज येते, लिव्हर बिघडतं. शोसाइकोतो हे तसंच औषध, त्याने झालेल्या न्यूमोनियात माणसं दगावल्याचं १९९६ मध्ये जपानमध्ये जाहीर झालं होतं. मेथोट्रेक्सेटमुळेही फुफ्फुसाला तसाच त्रास होऊ शकतो, मग कोणामुळे झालं हे शोधताना वेळ जातो. खांदा दुखतो म्हणून तिथे सर्रास देतात त्या ८८ नंबरमध्ये, निजुत्सुतोमध्ये, ओगोन आहे, आणि वजन उतरवायला ड्रगस्टोअरमध्ये मिळणाऱ्या बोफुत्सुशोसानमध्येही आहे. कोरडा खोकला, दम, ताप, हे तीन एकत्र आले तर सगळं थांबवून त्याच दिवशी दाखवायचं.

ऑनलाइन चिनी पुड्या मागवू नका हेही सांगते, कारण बोइच्या बाबतीत घोटाळा झालेला आहे. जपानमध्ये बोइ म्हणून जी वेल वापरतात ती वेगळी, चीनमध्ये जवळपास त्याच नावाने दुसऱ्याच वनस्पती विकल्या जातात, आणि त्यातल्या एकीत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमाराला बारीक होण्याच्या गोळ्यांत ती चुकून गेली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या, काहींना पुढे कॅन्सर झाला. मेथोट्रेक्सेट बाहेर पडतं किडनीतूनच. त्यामुळे प्रिस्क्रिप्शनचीच पुडी.

मग मांड्या कशा भरायच्या? जोर लावून. वेल्समधल्या बँगोर युनिव्हर्सिटीत २००९ मध्ये आमवाताच्या पेशंटना २४ आठवडे चांगले वजनाचे, हळूहळू वाढवत नेलेले व्यायाम दिले तेव्हा त्यांचे स्नायू वाढले, ताकद वाढली आणि आजार बिघडला नाही. नुसतं चालणं यासाठी पुरत नाही हे बहुतेकांना पटत नाही, सगळे म्हणतात मी रोज स्टेशनपर्यंत जाते की. जपानमध्येच तुमच्या हाताशी एक सोपी गोष्ट आहे, तिथल्या ऑर्थोपेडिक सोसायटीची लोकोत्रे, त्यात एका पायावर मिनिटभर उभं राहणं आणि पाच-सहा स्क्वॉट, दिवसातून तीन वेळा. टेबल धरून करा, सुजलेल्या गुडघ्याला खोल वाकवू नका, खुर्चीवरून उठ-बसपासून सुरुवात करा आणि फिजिओथेरपीचं रेफरल मागून घ्या. पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत मात्र जोराचा व्यायाम नको, पोटॅशियम पडलेल्या स्नायूला ताण दिला तर तो आणखी मोडतो.

मोजायचं कसं? हाताची पकड मोजतात पण आमवातात बोटंच दुखतात त्यामुळे तो आकडा फसवा. खुर्चीवरून हात न लावता पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते बघा, आशियाई देशांच्या २०१९ च्या निकषात १२ सेकंद किंवा जास्त म्हणजे कमी क्षमता. पोटरीचा घेर टेपने मोजा, बायकांमध्ये ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे स्नायू कमी असण्याची शक्यता. पावलं-पोटऱ्या सुजलेल्या असताना हा आकडा खोटा येतो, म्हणून सकाळी उठल्या उठल्या मोजा. जपानी बायका दोन्ही हातांची बोटं जोडून पोटरीला कडं करून बघतात, ते सोपं आहे पण तुमची बोटं त्यासाठी ताणू नका.

खाण्याचं थोडक्यात. किडनी ठीक असेल तर तुम्हाला दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम प्रोटीन लागेल, आणि पोळी-भाजी-वाटीभर आमटीत ते निम्म्यापर्यंतही जात नाही. जपानमध्ये शाकाहारी माणसाचं तसं बरं आहे, मोमेन तोफू १०० ग्रॅमला साधारण ७ ग्रॅम, नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या एका डब्यात तेवढंच, एदामामे म्हणजे सोयाबीनचे कोवळे दाणे १०० ग्रॅमला ११ च्या आसपास, ग्लासभर दूध ६-७. नात्तो चिकट लागतो म्हणून नाक मुरडतात लोक, फोडणीच्या भातावर कांदा-लिंबू घालून बघा, जमतं. सोबतच्या पाकिटातला सॉस मात्र टाकून द्या, त्यात आणि मिसो सूपमध्ये बहुतेक वेळा बोनितो माशाचा अर्क असतो. ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या.

कामांचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात ६८ आणि काढा बंद, पोटॅशियम-सीके-ईसीजी, डॉक्टरांना सगळ्या पुड्यांचे आणि काढ्याचे फोटो, तिथे ओकुसुरितेचो नावाची औषधांची वही असते त्यात ड्रगस्टोअरमधलं सुद्धा लिहा. मग गुडघ्याचं पाणी आणि मेथोट्रेक्सेटचा डोस. मग व्यायाम आणि प्रोटीन. १०७ चालू ठेवायची की दाइबोफुतोसारखं काही बघायचं हे सगळ्यात शेवटी, आणि दाइबोफुतोत ज्येष्ठमध आहे, तेव्हा पोटॅशियम नॉर्मल आल्याशिवाय तो विषय काढूच नका.

बहिणीलाही गुडघेदुखी आहे, तिला १०७ पाठवू का असं विचारलंत. नको. तिची नेमकी काय तक्रार आहे, आमवात आहे की वयाची झीज, बीपीच्या गोळ्या कुठल्या, काही माहीत नाही, आणि बुशी असलेलं औषध घेऊन तिला साताऱ्यात काही झालं तर तिथल्या डॉक्टरला त्या पाकिटावरचं जपानी वाचता येणार नाही. तिला आधी आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या आणि गुडघ्याचा एक्स-रे करायला सांगा. आणि ती काढा स्वतः पण पित असेल, तर तिचंही बीपी मोजायला सांगा.